वजनाचं ऑपरेशन: हो म्हणण्याआधी

माझ्या ताईने या ऑपरेशनला होकार द्यायला पाच महिने घेतले. वजन ९८ किलो, उंची पाच फूट तीन इंच, नऊ वर्षांचा मधुमेह, आणि जिना चढताना गुडघा धरून मधेच थांबायची सवय. आई म्हणायची, "चांगलं पोट कापून टाकायचं? त्यापेक्षा रोज टेकडीवर जा." भावोजी म्हणायचे, "तू म्हणशील तसं." ताईला आईच्या बोलण्यापेक्षा हे जास्त लागायचं, कारण त्यामुळे सगळं ओझं तिच्या एकटीच्या डोक्यावर येत होतं.

त्या पाच महिन्यांत मी तिच्याबरोबर फिरले. अशाच उंबरठ्यावर असलेल्या कुणाला तरी उपयोग होईल म्हणून लिहिते आहे.

आधी टेकडीबद्दल. ताई टेकडीवर गेली नव्हती असं नाही. तीन वेळा तिने दहा-बारा किलो उतरवले होते आणि तिन्ही वेळा ते परत आले. यात तिचा आळस नव्हता. वजन उतरू लागलं की शरीर त्याला उपासमार समजतं: भूक वाढवतं आणि ऊर्जा जपून वापरू लागतं. पोट रिकामं झालं की घ्रेलिन नावाचं संप्रेरक मेंदूला भुकेचा निरोप देतं, आणि डाएट केलेल्या माणसात ते वाढलेलं सापडतं. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं ती स्वतःलाच दोष देत होती.

आता ऑपरेशनमध्ये होतं काय? आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार चालतात आणि दोन्ही दुर्बिणीतून होतात. स्लीव्हमध्ये जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग स्टेपलरने कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. घ्रेलिन मुख्यतः तयार होतं तो जठराचा वरचा फुगीर भागही यात जातो, म्हणून नुसती जागाच नाही, भूकही कमी होते. काढलेला भाग परत बसवता येत नाही. बायपासमध्ये वरच्या बाजूला छोटी पिशवी करून तिला लहान आतड्याचा पुढचा भाग थेट जोडतात. अन्न वाट बदलतं, आतड्यातली संप्रेरकं बदलतात आणि साखर अनेकदा वजन उतरायच्या आधीच खाली येऊ लागते. जुना मधुमेह किंवा जोराची आंबट ढेकर, छातीत जळजळ असेल तर बायपासकडे कल असतो, कारण स्लीव्हनंतर जळजळ वाढू शकते. ताईचा मधुमेह जुना होता, पण जळजळ नव्हती, एंडोस्कोपीही स्वच्छ आली. तिच्यासाठी स्लीव्ह ठरली.

पात्रता बीएमआयवर ठरते: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. ताईचा हिशेब ९८ भागिले २.५६, म्हणजे ३८. जगभरातल्या सर्जनांच्या संघटनांनी २०२२ साली सांगितलं की बीएमआय ३५ च्या वर असेल तर दुसरा आजार नसला तरी ऑपरेशन सुचवावं, आणि आशियाई लोकांसाठी हे आकडे आणखी खाली धरावेत. आपल्या शरीरात चरबी पोटावर साठते आणि मधुमेह कमी वजनावर गाठतो. विम्याचा आकडा मात्र वेगळा आहे. विमा नियामकाच्या नियमांप्रमाणे बीएमआय ४० किंवा जास्त हवा, अथवा ३५ किंवा जास्त असून आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर विकार हवा. शिवाय पॉलिसीत थांबण्याची मुदत असते. ती आधी वाचा, तारीख नंतर घ्या.

ताईच्या शंका मी एका वहीत लिहून घेतल्या होत्या. पहिली अर्थातच "मरणार तर नाही ना?" अनुभवी टीमच्या हाती पहिल्या महिन्यातला मृत्यूचा धोका साधारण हजारात एक ते तीन इतका सांगितला जातो. स्टेपलच्या रेषेतून गळती, रक्तस्राव, पायाच्या शिरेत गुठळी हे खरे धोके आहेत. गुठळी होऊ नये म्हणून त्याच संध्याकाळी चालायला लावतात. सर्जनला सरळ विचारा: वर्षाला किती करता, गळती किती जणांना झाली, झाल्यावर काय केलं? या प्रश्नांनी जो चिडतो त्याच्याकडे करू नका. एका ठिकाणी आम्हाला उत्तराऐवजी हप्त्यांचा तक्ता दाखवला गेला. आम्ही उठून आलो.

दुसरी शंका, "वजन परत आलं तर?" थोडं येतंच. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे चार हजार स्थूल लोकांचा अभ्यास झाला. त्यातल्या बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांनी उतरलं होतं, दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली होती. ऑपरेशन केलेल्यांमध्ये मृत्यू मात्र न केलेल्यांपेक्षा कमी होते. स्लीव्हने साधारण पाव वजन उतरतं. म्हणजे ताई ७४ च्या आसपास पोचेल, लग्नातल्या फोटोतल्या ५४ ला नाही. हा हिशेब आधी मांडला म्हणून बरं झालं. तो फोटो मनात धरून टेबलावर गेलेल्या माणसाला २४ किलो उतरूनही हरल्यासारखं वाटतं.

तिसरी, "ती वजनाची इंजेक्शनं घेऊ का?" मौंजारो मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे आलं, वेगोव्ही जूनमध्ये. वजन त्यांनी खरंच उतरतं. पण बंद केली की बरंचसं परत येतं, म्हणून ती चालू ठेवायच्या तयारीनेच सुरू करावी लागतात. कमी बीएमआयला किंवा ऑपरेशनची मनापासून धास्ती असलेल्याला हा रास्त मार्ग आहे. त्यात कमीपणा काही नाही.

चौथ्या शंकेवर आम्ही सगळ्यात जास्त अडलो: "मला असं जगायला जमेल का?" याचं उत्तर डॉक्टरकडे नव्हतं. मग आहारतज्ज्ञ बाईंनी एक युक्ती सुचवली. पंधरा दिवस ऑपरेशन झाल्यासारखं जेवा. तेवढं कमी नाही, पण त्या पद्धतीने. ताईने ताटाऐवजी बशी घेतली आणि ताटाजवळचा तांब्या उचलून ओट्यावर ठेवला, कारण नंतर जेवताना पाणी पिता येत नाही, आधी-नंतर अर्धा तास सोडावा लागतो. आधी वाटीतली उसळ किंवा पनीर, मग भाजी, भात शेवटी. प्रत्येक घास वीसदा चावायचा. पहिल्या दिवशी तिचा हात चार वेळा सवयीने तांब्याकडे गेला, मी मोजलं. सातव्या दिवशी घड्याळात पंचवीस मिनिटं झाली तेव्हा बशीत अजून दोन घास होते. "जमतंय गं," ती म्हणाली. त्याच पंधरवड्यात संकष्टी आली आणि कळलं की दिवसभर कोरडा उपास आणि रात्री साबुदाण्याची खिचडी हे यापुढे चालणार नाही. रोज साठ ग्रॅम तरी प्रथिनं पोटात जायला हवीत. उपास बंद करणं तिला तांब्यापेक्षा जड गेलं. आई आधी गप्प राहिली, मग म्हणाली, "मी धरीन तुझ्या वाटची."

गोळ्यांचं कुणी आधी नीट सांगत नाही म्हणून इथे सांगते. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे जन्मभर. रक्ततपासणी दरवर्षी. गोळ्या सोडल्या तर पंडुरोग होतो, हातापायाला मुंग्या येतात. मूल हवं असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबावं लागतं. दारू लवकर आणि जास्त चढते. आणि मन. खाणं हाच ज्याचा आधार होता त्याचा तो आधार अचानक काढला जातो. नैराश्य असेल तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट ही कागदावरची सही समजू नका, तिथे खरं बोला. "आत्ता नको" हेही उत्तर तिथून मिळू शकतं आणि ते योग्य असू शकतं.

पाचव्या महिन्यात ताई हो म्हणाली. यकृत आक्रसावं म्हणून आधी दोन आठवडे अगदी हलका आहार, मग ऑपरेशन, तिसऱ्या दिवशी घरी. नंतर पातळ: ताक, मुगाचं कढण, गाळलेलं सूप.

शंका तिथे संपल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात रात्री अकराला तिचा फोन आला. रडत होती. "शेजारी भाकरी भाजतायत. मी हे का केलं?" असा पश्चात्ताप पहिल्या दोन महिन्यांत अनेकांना येतो, असं आहारतज्ज्ञ बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात तेव्हा तो पुन्हा डोकावतो. केस बहुतेकांचे परत येतात. मी तिला एवढंच सांगितलं, की हे बाई म्हणाल्या होत्या, आठवतंय ना. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणाल्या होत्या."

सातव्या आठवड्यात तिने पाव भाकरी वरणात कुस्करून खाल्ली. अर्धा तास लागला. तांब्या ओट्यावरच होता.