मिऊरा मोटार : ओझे ठेवावे कोठे?

बैलगाडीत पोती कशी रचावीत हे कोणी शाळेत शिकवत नाही. तरी आपल्याला ते ठाऊक असते. ओझे पुढे जास्त झाले की गाडी धुरजड होते आणि जू बैलांच्या मानेवर बसते. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते. मग जू वर उचलते आणि बैलांचा गळा आवळतो. ओझे चाकांच्या कण्यावर नीट तोलले, तर तेच बैल तीच गाडी सुखाने ओढतात.

मोटारीला चार चाके असतात, म्हणून ती अशी उलटत नाही. पण तोल तिलाही लागतोच. कोणत्या चाकावर किती वजन पडते, यावर चाकाची रस्त्यावरची पकड ठरते. पकड सुटली तर चक्र कितीही फिरवा, गाडी वळत नाही. या तोलासाठी इटली देशात एक नवलाची मोटार घडली. तिचे नाव मिऊरा. तिची हकिगत आम्ही येथे सांगतो.

ही मोटार काढणाऱ्या कारखान्याचा मालक होता फेरुच्चिओ लँबोर्गिनी. त्याचा जन्म १९१६ साली एका शेतकऱ्याच्या घरी झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे जुने सामान स्वस्तात मिळे. ते घेऊन त्याने ट्रॅक्टर जुळवले. पेट्रोलवर सुरू करायचे आणि मग स्वस्त डिझेलवर चालवायचे, अशी त्याची युक्ती होती. आपल्याकडेही पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारी इंजिने विहिरीवर असत, त्यातलाच हा प्रकार. ट्रॅक्टरवर पैसा मिळाला, तेव्हा १९६३ साली त्याने सांत आगाता या गावी मोटारींचा कारखाना काढला. कारखान्याची खूण बैल. आणि ‘मिऊरा’ हे स्पेनमधल्या एका घराण्याचे नाव आहे. झुंजीचे बैल पाळण्यात ते घराणे नामांकित आहे.

कारखान्यात दाल्लारा आणि स्तान्झानी हे दोन इंजिनिअर होते. गाडी चालवून पारखणारा बॉब वॉलेस हा न्यूझीलंडचा. तिघेही तिशीच्या आतले. शर्यतीच्या गाड्यांत तेव्हा इंजिन पुढे न ठेवता चालवणाऱ्याच्या पाठीमागे ठेवू लागले होते. सगळ्यात जड वस्तू मध्यावर आली, की गाडी वळणावर चटकन वळते. लांब काठीच्या दोन्ही टोकांना वजन बांधून ती फिरवून पाहा. मग तेच वजन मुठीजवळ बांधून फिरवा. फरक हाताला कळेल. हीच सोय रस्त्यावरच्या मोटारीत करावी, असे या पोरांनी मनात घेतले.

पण अडचण मोठी होती. त्यांचे इंजिन बारा नळकांड्यांचे, सहा-सहांच्या दोन ओळींचे. नळकांडे म्हणजे ज्यात दट्ट्या खालीवर होतो ती नळी. इंजिनाची ताकद ३५० अश्वशक्ती, म्हणजे विहिरीवरचे ५ अश्वशक्तीचे ७० पंप एकत्र केल्याइतकी! एवढे लांब इंजिन पाठीमागे उभे ठेवले, त्याच्यामागे गिअरची पेटी जोडली, तर गाडी फार लांब होणार.

मग त्यांनी इंजिन आडवे टाकले, दाराच्या चौकटीत उंबरा असतो तसे. इंग्लंडात १९५९ साली निघालेल्या मिनी या चिमुकल्या मोटारीत ही युक्ती आधी झाली होती. मिनीत गिअर आणि इंजिन एकाच तेलावर चालत. यांनीही इंजिनाचे घर आणि गिअरपेटी एकाच ओतीव कामात केली, आणि तेलही एकच ठेवले. त्यामुळे पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचे अंतर अडीच मीटरच्या आसपास राहिले. सांगाड्याच्या पत्र्याला जागोजाग भोके पाडली. वजन कमी झाले आणि ताकद टिकली.

१९६५ साली तुरिन शहराच्या प्रदर्शनात नुसता सांगाडाच मांडला. वर पत्र्याचे अंग नाही, तरी माणसे खिळून पाहत राहिली. अंग घडवायचे काम बेर्तोने यांच्या कारखान्याकडे गेले. तिथल्या मार्चेल्लो गान्दिनी या तरुणाने ते आखले. १९६६ च्या मार्चात जिनीव्हात पुरी गाडी मांडली. उंची अवघी १०५ सेंटिमीटर, म्हणजे उभ्या माणसाच्या कमरेच्या जरा वर. मागच्या काचेवर पट्ट्यांची झडप, गरम हवा बाहेर जाण्यासाठी. दिव्यांभोवती पापण्यांसारख्या काळ्या पट्ट्या. हा नखरा आम्हाला तितकासा रुचत नाही, पण बाकीचे अंग मात्र पाहत राहावे असे आहे.

आता खोड ऐका. जागा उरली नाही म्हणून पेट्रोलची टाकी पुढे गेली. इंजिनामुळे निम्म्याहून जास्त वजन आधीच मागच्या चाकांवर होते. एक लिटर पेट्रोल सुमारे पाऊण किलो भरते. वाटेत साठ लिटर जळले, की नाकावरचे पंचेचाळीस किलो गेले. त्यातच वेग वाढला, की वारा नाकाखाली शिरून ते वर उचली. गाडी ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर पळणारी, आणि पुढची चाके हलकी! म्हणजे उलाळच झाली म्हणा ना. बैलगाडी उलाळ झाली तर आपण खाली उतरून पोती पुढे सरकवतो. इथे उतरणार कोण? चालवणाऱ्याच्या जिवाशीच गाठ.

दुसरी खोड तेलाची. गिअरचे दाते घासून लोखंडाचा कीस तेलात उतरे, आणि तेच तेल इंजिनात फिरे. त्याने नाजूक भाग झिजतात. कार्बोरेटरमधून पेट्रोल सांडून तापल्या इंजिनावर पडले, तर आगीचेही भय असे. काही गाड्या अशा जळाल्या.

सुधारणा होत गेल्या. सांगाडा घट्ट केला, मागची चाके रुंद केली. शेवटच्या काही गाड्यांत इंजिनाचे आणि गिअरचे तेल वेगळे केले. १९७३ साली काम थांबले, तोवर जेमतेम ७६० च्या आसपास मिऊरा झाल्या होत्या.

त्याच कारखान्याची पुढची गाडी काउंटाश. तिची आखणी स्तान्झानीने केली. त्याने इंजिन पाठीमागेच ठेवले, पण पुन्हा उभे केले. गिअरपेटी इंजिनाच्या पुढे, दोन बैठकांच्या मध्ये आणली. आणि पेट्रोलच्या दोन टाक्या केल्या, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना.