भेंडवळचा घट आणि राजाचा विडा

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळच्या शिवारात घट मांडतात. भोवती अठरा धान्यांचं रिंगण. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई, वडा, भजी. चंद्रभान महाराज वाघांनी सुरू केलेली ही मांडणी वाघ घराण्याने जपली आहे; परंपरा साडेतीनशे वर्षांची मानली जाते. रात्री तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे कोणतं धान्य हललं, कोणतं ढेकूळ किती भिजलं हे पाहून वर्षाचं पीकपाणी सांगितलं जातं. ते ऐकायला विदर्भ-खानदेशातून शेतकरी आलेले असतात.

घटात विडाही असतो. तो म्हणजे राजा. जागचा हलला नाही तर गादी कायम. मसूर ही परकी शत्रूची खूण, करडी देशाच्या संरक्षणाची. पावसाची चिंता करणारा शेतकरी राज्याचीही चिंता करत आला, हे या मांडणीत दिसतं आणि म्हणूनच मला ती मोलाची वाटते.

राज्यासाठी शकुन इतरत्रही पाहिले जात; प्राचीन रोममध्ये तर कारभारच शकुनांना बांधलेला होता. कॉन्सल म्हणजे सर्वोच्च अधिकारी दोन, मुदत एका वर्षाची, आणि एकाला दुसऱ्याचा निर्णय अडवता येई. मतदानाची सभा भरवण्याआधी देवांचा कौल घ्यावा लागे. ऑगर या शकुनतज्ज्ञाने प्रतिकूल चिन्ह सांगितलं की सभा पुढे ढकलली जाई. सैन्यासोबत पवित्र कोंबड्या असत. त्यांनी दाणे अधाशीपणे खाल्ले तर लढाईला अनुकूल. शकुनांचं हे हत्यार राजकारणात सर्रास वापरलं गेलं. इ.स.पू. 59 मध्ये कॉन्सल बिब्युलस घरात बसून आपण आकाशातले शकुन पाहत असल्याचं कळवत राहिला. जोडीदार सीझरचे कायदे त्याला अडवायचे होते. सीझरने दाद दिली नाही. पुढे स्वतः ऑगर असलेल्या सिसेरो या रोमन राजकारण्यानेच भविष्यकथनाची कठोर चिकित्सा करणारा ग्रंथ लिहिला.

भेंडवळच्या घटाला असा अधिकार कधीच नव्हता. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत तर आचारसंहितेमुळे राजकीय भाकीत जाहीरच झालं नाही. ते योग्य झालं. राजा कोण हे मतदाराने ठरवायचं.

पावसाच्या भाकितालाही शास्त्राचा आधार नाही, हा अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचा आक्षेप मला पटतो. भाकितावर विसंबून पेरलं आणि पाऊस लांबला, तर कोरडवाहू शेतात दुबार पेरणी करावी लागते; म्हणजे बियाण्याचा खर्च दुसऱ्यांदा, बहुधा उसनवारीने. तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, घट पाहायला जरूर जा. पेरणी मात्र कृषी विभाग सांगतो तसा 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करा.