जम्बो विमान

मंचरच्या बाजारात बटाट्याची पोती ट्रकवर चढताना आपण नेहमी पाहतो. एका मोठ्या ट्रकात दहा टन माल बसतो, असे धरू या. असे दहा ट्रक एका विमानात रिकामे केले, तर ते विमान उडेल का? तुम्ही म्हणाल, छे! पण उडते. त्या विमानाला जम्बो म्हणतात. आपल्या जुन्नरकडे द्राक्षाच्या एका मोठ्या जातीलाही जम्बोच म्हणतात. मूळचा जम्बो मात्र एक हत्ती होता.

या विमानाचे कारखान्यातले नाव बोइंग 747. अमेरिकेतल्या एका विमान कंपनीने 1966 साली अशी 25 विमाने मागितली, तेव्हा विमान नुसते कागदावर होते. ते बांधायचा कारखानासुद्धा उभा नव्हता! जो सटर नावाच्या इंजिनियराने आपल्या माणसांसह ते काम पार पाडले. 9 फेब्रुवारी 1969 रोजी पहिले जम्बो उडाले.

एस. टी.त मधोमध जायला एकच वाट असते. आधीच्या विमानांतही तसेच होते. जम्बोत दोन वाटा आहेत. एका ओळीत दहा माणसे बसू शकतात. आतली रुंदी 20 फूट, लांबी 231 फूट आणि खाली चाके 18!

एवढे ओझे उचलते कोण? पंखांखालची चार इंजिने. प्रत्येक इंजिनाच्या तोंडाशी माणसाहून उंच पंखा असतो. खळ्यावर उफणणीचा पंखा वारा ढकलतो ना, तसा हा ढकलतो, पण कितीतरी जोराने. थोडा वारा आत जाऊन तेलाबरोबर जळतो. बराचसा न जळताच बाहेरून मागे जातो. त्यामुळे तेल कमी लागते आणि रेटा जास्त मिळतो.

जम्बोच्या डोक्यावर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा दिसतो. विमान चालवणारे तिथे, वरच्या मजल्यावर बसतात. ते का, हे ऐकण्यासारखे आहे. त्या काळी जाणत्या लोकांना वाटे, की लवकरच आवाजाहून वेगवान विमाने येतील आणि माणसे त्यांतूनच जातील. मग या धुडाचे काय करायचे? मालवाहू करायचे! म्हणून चालक वर बसवला. मालाच्या विमानाचे नाक दारासारखे वर उघडता येते आणि लांबलचक माल समोरून सरळ आत सरकवता येतो. काही जम्बोंत तर पुढे माणसे आणि मागे माल, अशीही सोय होती. एअर इंडियाकडे तशीही जम्बो होती.

एअर इंडियाचे पहिले जम्बो एप्रिल 1971 मध्ये मुंबईला आले. नाव होते ‘सम्राट अशोक’. 1932 साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाची थैली घेऊन एका चिमुकल्या विमानातून मुंबईला उतरले होते. जम्बो आले तेव्हा एअर इंडियाचे अध्यक्ष तेच होते. एकाच माणसाच्या हयातीत केवढी ही मजल!

पण याच ‘सम्राट अशोक’चा शेवट वाईट झाला. 1 जानेवारी 1978 च्या रात्री ते दुबईला निघाले. खाली समुद्र, सगळा अंधार. विमान कलले की सरळ आहे, हे दाखवणारे यंत्र बिघडले आणि कप्तान फसला. वांद्र्यासमोर विमान समुद्रात पडले. 213 माणसे होती. एकही वाचला नाही.

आपला बटाटा मात्र विमानाने जात नाही. भाडेच मालाहून जड होईल. जुन्नरची द्राक्षे परदेशी जातात, तीही बहुतेक थंड पेट्यांतून बोटीने. विमानाने जातो तो लवकर नासणारा किंवा वजनाच्या मानाने महाग माल: फुले, हापूस आंबा, औषधे.

पुढे दोन इंजिनांची मोठी विमाने आली. ती कमी तेलात तेवढेच काम करतात. चार इंजिनांचे जम्बो मागे पडले. एअर इंडियाचे शेवटचे जम्बो एप्रिल 2024 मध्ये मुंबईहून उडून गेले. आवाजाहून वेगवान ते काँकॉर्ड विमान तर 2003 सालीच बंद पडले. एकूण 1,574 जम्बो बांधली गेली. त्यांतले अगदी शेवटचे 31 जानेवारी 2023 रोजी कारखान्याने मालकाच्या हवाली केले, आणि ते मालाचेच होते.