मनगटावरचे घड्याळ आणि वॉशिंग्टनचा मनाई हुकूम

आमच्याबरोबर सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्या मंडळींत नाना म्हणून एक सेवानिवृत्त गृहस्थ आहेत. त्यांच्या अमेरिकेतील कन्येने २०२२ साली तिकडे विकत घेऊन पाठविलेले ॲपलचे घड्याळ ते मोठ्या अभिमानाने बांधीत, आणि वर पोहोचल्यावर दम खात खात आपल्या रक्तातील प्राणवायूचा आकडा भेटेल त्याला वाचून दाखवीत. करोनाच्या दिवसांत ९४ ही संख्या ज्यांनी घरोघर बोटाला ऑक्सिमीटर लावून पाठ केली, त्यांना या आकड्याचे अप्रूप वाटावे हे स्वाभाविकच होते. एके दिवशी नानांचे मनगट रिकामे दिसले. विचारले तेव्हा म्हणाले, "अहो, अमेरिकेने बंदी घातलीय त्याच्यावर. ऑक्सिजन खोटा दाखवतं म्हणे. दिलं कपाटात ठेवून."

नानांपुरतीच ही गोष्ट असती तर मी हसून सोडून दिली असती. परंतु हेच वाक्य पुढे मी एका दवाखान्यात, एका लग्नाच्या पंगतीत आणि, सर्वांत दुःखाची गोष्ट म्हणजे, आयुष्यभर यंत्रांशी व्यवहार केलेल्या एका इंजिनिअराच्या तोंडून ऐकले, तेव्हा त्याचा समाचार घेणे प्राप्त झाले.

घडले ते असे. कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथे मासिमो नावाची कंपनी आहे. रुग्णालयांत बोटाला लावतात त्या ऑक्सिमीटरांच्या क्षेत्रात तिचा मोठा दबदबा आहे. ॲपलने २०२० साली आपल्या घड्याळात रक्तातील प्राणवायू मोजण्याची सोय आणली, आणि ती आपल्या पेटंटांवर अतिक्रमण करणारी आहे अशी फिर्याद मासिमोने जून २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगापुढे दाखल केली. अमेरिकेच्या १९३० सालच्या टॅरिफ कायद्याचे ३३७ वे कलम असे आहे, की पेटंटाचा भंग करणारा माल बाहेरून देशात येत असेल तर तो बंदरातच अडविण्याचा हुकूम हा आयोग देऊ शकतो. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी आयोगाने तसा हुकूम दिला. राष्ट्राध्यक्षांना तो रद्द करण्यासाठी असलेली साठ दिवसांची मुदत उलटल्यावर २६ डिसेंबरला तो अंमलात आला. दुसऱ्याच दिवशी अपील न्यायालयाने त्याला तात्पुरती स्थगिती दिली, ती जानेवारीत उठली, आणि १८ जानेवारी २०२४ पासून ॲपलने आपली सीरिज ९ व अल्ट्रा २ ही घड्याळे अमेरिकेत प्राणवायूमापनाची सोय काढून विकावयास प्रारंभ केला.

या हकिगतीत "आकडा खोटा निघाला" हे कोठे आहे? ते कोठेच नाही, कारण पेटंटभंगाच्या दाव्यात तो प्रश्नच उद्भवत नाही. पेटंटाच्या दस्तऐवजाच्या शेवटी क्रमांक घातलेली काही वाक्ये असतात. त्यांत आपल्या हक्काच्या चतुःसीमा, जमिनीच्या खरेदीखतात लिहाव्या तशा, लिहिलेल्या असतात. प्रतिवादीची वस्तू त्या सीमेच्या आत पडते की बाहेर, एवढेच पाहावयाचे असते. वाचकांपैकी ज्यांच्या हाती असे घड्याळ असेल त्यांनी ते क्षणभर उपडे करून पाहावे. पाठीवर काचेचा एक बहिर्वक्र उंचवटा दिसेल. त्वचेला टेकणारा तो हाच, आणि त्याच्या आत प्रकाश फेकणारे दिवे व परतलेला प्रकाश टिपणारे संवेदक असतात. मासिमोच्या पेटंटांतील भाषा नेमकी याच जागेविषयी होती: अंगावर धारण करावयाचे साधन, बहिर्वक्र उंचवटा, त्यात संवेदकांसमोर अपारदर्शक कडांची छिद्रे, आणि संवेदक किमान चार. भांडण या उंचवट्याचे आणि छिद्रांचे होते.

एवढ्यानेही ज्यांचे समाधान होत नसेल त्यांनी असे पाहावे. सीरिज ९ चे घड्याळ नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यू जर्सीतील ॲपलच्या दुकानात घेतलेले असेल तर ते प्राणवायू मोजत होते आणि हुकुमानंतरही मोजत राहिले. तेच घड्याळ त्याच दुकानात फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतले तर मोजत नव्हते. आणि त्याच फेब्रुवारीत मुंबईत घेतले तर पुन्हा मोजत होते. खोटे बोलणारे यंत्र अटलांटिक ओलांडताच सत्यवादी होते काय? पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये ॲपलने असा तोडगा काढला, की मोजणीचा कच्चा माल घड्याळाने गोळा करावा, हिशेब मात्र सोबतच्या आयफोनने करावा आणि उत्तरही तेथेच दिसावे. अमेरिकेच्या कस्टम खात्याने ही रचना हुकुमाच्या कक्षेबाहेर ठरविली आणि बंद सोय पुन्हा चालू झाली. आकड्याच्या खरेपणात या स्थलांतराने काडीचाही फरक पडण्याचे कारण नाही. फरक पडला तो "अंगावरचे साधन मोजते" या शब्दांत. मासिमो अर्थातच या निर्णयाविरुद्धही कोर्टाची पायरी चढली.

न्यायाने सांगावयाचे तर, या समजुतीला थोडेसे खतपाणी खुद्द वादीकडूनच मिळाले. मासिमोचे तत्कालीन प्रमुख जो कियानी यांनी त्या दिवसांत ॲपलचे मापन वैद्यकीय विश्वासाच्या योग्यतेचे नाही असे जाहीरपणे म्हटले होते. प्रतिस्पर्ध्याच्या मालाविषयी व्यापारी जे बोलतो ते त्याचे मत असते. ते आयोगाच्या फैसल्याचे कारण म्हणून सांगू नये.

या गैरसमजाचे उलटे रूपही तितकेच प्रचलित आहे: "पेटंट आहे म्हणजे सरकारने तपासलेले आहे." पेटंट कचेरी यंत्र कोणाच्या मनगटाला बांधून पाहत नाही, कल्पना नवी आहे का, जाणकाराला सहज सुचण्याजोगी तर नाही ना, आणि तिचा उपयोग आहे का, हे ती कागदावरून ठरविते. अचूकतेचा विचार अमेरिकेत अन्न व औषध प्रशासनाकडे आहे, आणि तेथील स्थिती फार बोलकी आहे. ॲपलच्या घड्याळातील ईसीजीला त्या खात्याची मान्यता २०१८ साली मिळाली; प्राणवायूचा आकडा मात्र वैद्यकीय उपयोगासाठी नसून सर्वसाधारण तंदुरुस्तीच्या माहितीसाठी आहे, असे कंपनी स्वतःच बारीक अक्षरांत सांगत आली आहे. नानांनी शंका घ्यावयाचीच होती तर ती या बारीक अक्षरांवरून घ्यावयास हवी होती.

अचूकतेची खरी अडचण भौतिक आहे. प्राणवायूने भरलेले रक्त तांबडा प्रकाश कमी शोषते व अवरक्त अधिक, प्राणवायूविरहित रक्ताचे याच्या उलट. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर या दोहोंचे प्रमाण किती हलते यावरून टक्केवारी काढतात. बोटातून प्रकाश आरपार जातो, मनगटावरून तो परतवून घ्यावा लागतो, म्हणून हात हलला, गार पडला वा पट्टा सैल असला की गणित बिघडते. त्वचेचा वर्णही आड येतो: डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रक्तातील प्राणवायू प्रत्यक्षात घटलेला असूनही ऑक्सिमीटरच्या लक्षात न येण्याचे प्रकार कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळले, आणि ती रुग्णालयातील बोटाची यंत्रे होती. सावळ्या वर्णाच्या आपल्या समाजात या अभ्यासाची जितकी चर्चा व्हावयास हवी होती तितकी झाली नाही. बंदीची मात्र झाली.

आता किरकोळ गोष्टी. "प्राणवायू मोजण्याच्या कल्पनेचेच पेटंट मासिमोकडे आहे" हे चूक. ती कल्पना जपानमधील निहोन कोहडेन कंपनीतील ताकुओ आओयागी यांची. हृदयाचे रक्तक्षेपण मोजताना नाडीचे ठोके आलेखात सारखा व्यत्यय आणीत, आणि तो व्यत्यय पुसण्याच्या खटपटीत असता तोच आपल्याला हवा असलेला संकेत आहे हे त्यांच्या ध्यानी आले. १९७४ च्या मार्चमध्ये कंपनीने पेटंटचा अर्ज केला, आणि महिन्याभरातच मिनोल्टानेही तशाच कल्पनेचा केला. म्हणजे हक्काची ही शर्यत यंत्राइतकीच जुनी आहे. "पेटंट म्हणजे वस्तू बनविण्याचा परवाना" हेही चूक. ती दुसऱ्याला मनाई करण्याची सनद आहे, आणि सुधारलेल्या वातीचे पेटंट घेणाऱ्याला स्टोव्हच्या पेटंटधारकाची संमती लागतेच. "दिलेले पेटंट म्हणजे शिलालेख" म्हणावे, तर ईसीजीच्या वादात अलाइव्हकोर या कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये ॲपलविरुद्ध याच आयोगाचा हुकूम मिळविला होता, पण पेटंट कचेरीच्या मंडळाने तिची पेटंटेच अवैध ठरविली आणि मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. "एक बाजू चोर, दुसरी साव" म्हणावे, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये डेलावेअरच्या ज्युरीने मासिमोच्याच जुन्या घड्याळाने ॲपलच्या बाह्यरचनेच्या पेटंटांचा भंग केल्याचे ठरवून २५० डॉलर भरपाई देवविली. कोटी नव्हे, लाख नव्हे, अडीचशे! उलट नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ज्युरीने मासिमोला ६३ कोटी ४० लाख डॉलर देवविले, आणि तेही २०२२ सालीच मुदत संपलेल्या एका पेटंटाच्या भंगाबद्दल.

आणि "जगभर बंदी" ही तर शुद्ध वावडी आहे. पेटंटाचा अंमल ज्या देशाने ते दिले त्या देशाच्या हद्दीपुरता. वॉशिंग्टनच्या आयोगाचा हुकूम अमेरिकेत येणाऱ्या मालापुरता. नानांचे घड्याळ त्या हुकुमाच्या आधी विकत घेतलेले, शिवाय पुण्यात असलेले. त्याला तो हुकूम एक दिवसही लागू नव्हता. ते कपाटातून बाहेर काढावयास काहीच हरकत नाही, पण टेकडी चढताना खरोखरच दम लागत असेल तर नानांनी आधी डॉक्टरांना दाखवावे.