चरबी किती आणि कुठे?

माढा तालुक्यात अमुक मिलिमीटर पाऊस झाला, असे आपण वाचतो. पण कोणत्या रानात किती ओल मुरली, हे त्या आकड्यावरून कळत नाही. शरीराच्या वजनाचेही तसेच आहे.

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की शरीर-वस्तुमान निर्देशांक मिळतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापे छापली. निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के!

चरबी किती याइतकेच ती कुठे साठली हेही महत्त्वाचे. कमरेच्या मणक्यांची शस्त्रक्रिया पाहू. तेथे कातडीखालचा चरबीचा थर जाड असेल, तर मणक्यापर्यंत पोचायला खोल चीर घ्यावी लागते. मुळात चरबीला रक्तपुरवठा कमी. जखमेच्या कडा ताणून धरल्या की तो आणखी घटतो. जखम भरायला आणि पांढऱ्या पेशींना जंतू मारायला प्राणवायू हवा. तोच अपुरा पडतो. टाके घातल्यावर आत पोकळी राहिली, तर तेथे द्रव साचतो आणि जंतूंचे फावते.

म्हणूनच जखमेत जंतुसंसर्गाचा धोका किती, हे निर्देशांकापेक्षा त्या जागेच्या चरबीच्या जाडीवरून अधिक चांगले कळते, असे काही अभ्यासांत दिसले आहे. ही जाडी शस्त्रक्रियेपूर्वीच्या एम.आर.आय. चित्रावर मोजता येते. सडपातळ दिसणाऱ्या रुग्णाच्या बाबतीतही ती पाहिलेली बरी.