सिंगर कंपनीचं पिस्तूल

अमेरिकेत लेकाकडे सहा महिने राहून आलेल्या आईवडिलांच्या गप्पांत एक दुकान हमखास येतं. तंबू, मासे पकडायचे गळ, डोंगरात घालायचे बूट घ्यायला म्हणून आत शिरावं आणि मागच्या भिंतीवर रायफलींची रांगच दिसावी. काचेच्या काउंटरखाली पिस्तुलं मांडलेली. त्यावर ओणवून साठीतला एखादा गृहस्थ विक्रेत्याशी निवांत बोलत असतो. आपल्या मनात येतं, हा बाबा नेम कुणावर धरणार आहे? त्यालाच विचारलं, तर तो नेमाबद्दल फारसं बोलणार नाही. चाप किती हलका आहे, नळीवरचं निळसर पाणी जुन्या कारखान्यात कसं चढवायचे, आणि आजोबांची रायफल धाकट्या भावाकडे कशी गेली, यावर मात्र तासभर बोलेल.

स्वित्झर्लंडमधल्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेने २०१८ साली अंदाज मांडला की अमेरिकी नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका आहेत. म्हणजे माणसांपेक्षा बंदुका जास्त. पण ‘प्यू’ या संस्थेच्या २०२३च्या पाहणीत स्वतःची बंदूक आहे असं सांगणारे प्रौढ निघाले शेकडा ३२. उरलेल्यांकडे एकही नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांच्यातल्या अनेकांकडे कपाटभर. हे कपाटवाले, म्हणजे खरे शौकीन, कशावर जीव टाकतात हे पाहण्यासारखं आहे. सर्वांत जास्त माणसं मारणारी किंवा सर्वांत नवी बंदूक त्यांची लाडकी असेल असं वाटतं. तसं क्वचितच असतं.

लाडक्यांत पहिला मान बहुतेक वेळा कोल्ट १९११ या पिस्तुलाला मिळतो. सगळे त्याला नुसतं ‘नाइन्टीन-इलेव्हन’ म्हणतात. फिलिपीन्समध्ये मोरो लढवय्यांशी लढताना अमेरिकी सैनिकांची तक्रार होती की .३८च्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागूनही माणूस चालून येतो. सैन्याला .४५ची जाड गोळी झाडणारं, आपोआप भरणारं पिस्तूल हवं होतं. ते जॉन मोझेस ब्राउनिंगने केलं. हा युटातल्या ऑग्डेन गावच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. नावावर १२८ पेटंट. १९२६ साली बेल्जियममधल्या कारखान्यात, कामाच्या टेबलाशीच गेला. १९११च्या मार्चमध्ये सैन्याने अखेरची कसोटी घेतली. सहा हजार गोळ्या, दोन दिवस. पिस्तूल फार तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुढे चालू. ब्राउनिंगचं पिस्तूल एकदाही अडलं नाही. प्रतिस्पर्धी सॅव्हेज कंपनीचं ३७ वेळा अडलं.

आतली गंमत अशी. गोळी सुटते तेव्हा नळी आणि तिच्यावरचं सरकतं आवरण एकमेकांत खाचांनी अडकलेलं असतं. धक्क्याने दोघं थोडंसं मागे येतात. तेवढ्यात नळीच्या बुडाशी असलेली एक इवलीशी कडी नळीचं मागचं टोक खाली ओढते आणि खाचा सुटतात. नळी तिथेच थांबते. आवरण मात्र मागे जात राहतं, रिकामं काडतूस बाहेर फेकतं, घोडा चढवतं, आणि स्प्रिंगच्या जोराने परत पुढे येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत ढकलतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. कडीचा आकार पुढे बदलला, पण नळी तिरकी होऊन सुटण्याची ही युक्ती आज जगातल्या बहुतेक लष्करी आणि पोलिसी पिस्तुलांत आहे. शिवाय हे पिस्तूल हाताने उलगडता येतं, आणि चाप बिजागरीवर न फिरता सरळ मागे सरकतो. बोटाला फरक लगेच कळतो.

गैरसोयीही भरपूर. अंगाने एक किलोच्या वर, मॅगझिनमध्ये सातच गोळ्या, आणि हलक्या प्रतीचं घेतलं तर सारखी कानस-घासाघीस. शौकीन हे सगळं कबूल करतो आणि तरी तेच घेतो. आपल्याकडचे जुन्या बुलेटचे भक्त आठवून पाहा. तेलाचे डाग, किकचा फटका, सगळं मान्य, पण गाडी तीच. (हे उदाहरण अगदीच हवेतलं नाही. एनफिल्डच्या सरकारी बंदूक कारखान्याला सुटे भाग पुरवायचं कंत्राट मिळालं, त्यावरून बुलेटच्या कंपनीने ‘एनफिल्ड’ हे नाव घेतलं.) युटा राज्याने तर २०११मध्ये १९११ला आपलं ‘राज्यशस्त्र’ म्हणून जाहीर केलं. आपल्याकडे शेकरू राज्यप्राणी आहे, तसं.

संग्राहकांना वेड लावणारं १९११ मात्र कोल्टचं नाही, सिंगरचं आहे. होय, शिवणयंत्रवाली सिंगर. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अमेरिकी सरकारने कारखान्यांचा हात बसावा म्हणून छोट्या छोट्या मागण्या दिल्या. सिंगरने न्यू जर्सीतल्या एलिझाबेथच्या कारखान्यात बरोबर ५०० पिस्तुलं केली. काम इतकं सुबक झालं, असं शौकीन सांगतात, की असल्या हातांना पिस्तुलात अडकवणं सरकारला परवडेना. सिंगरला त्याहून नाजूक युद्धसामग्रीकडे वळवलं. पिस्तुलाचं काम इतरांकडे गेलं. त्यांत सर्वांत जास्त नग काढले रेमिंग्टन रँडने, म्हणजे टायपरायटरवाल्यांनी. रेल्वेचे सिग्नल करणारी एक कंपनीही त्यात होती. त्या ५००पैकी एखादं सिंगर लिलावात आलं की लाख डॉलरच्या पुढे जातं. कोल्टच्या पिस्तुलापेक्षा त्याची गोळी काही वेगळी लागत नाही. पैसा जातो तो आवरणावर कोरलेल्या कंपनीच्या नावाच्या दोन ओळींसाठी. बंदुकीच्या शौकाचा हा भाग मला नाणी आणि तिकिटं जमवणाऱ्यांच्या जातीचा वाटतो.

एम-वन गॅरंडची माया वेगळी. कॅनडात जन्मलेल्या जॉन गॅरंडने सरकारी शस्त्रागारात नोकरी करताना ही रायफल केली. १९३६ साली अमेरिकी सैन्याने ती घेतली आणि दुसरं महायुद्ध तिच्यावर लढलं. गॅरंडने हक्क सरकारला देऊन टाकले. त्याला एक लाख डॉलर द्यावेत असा प्रस्ताव काँग्रेसपुढे आला, तो काही मंजूर झाला नाही. आठ काडतुसांची पत्र्याची क्लिप वरून दाबून बसवायची. आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप ‘टिंग’ करून उडते. या आवाजासाठी लोक रायफल घेतात, हे अतिशयोक्ती नाही. आवाज ऐकून शत्रू चाल करून यायचा, ही गोष्ट शौकीन रंगवून सांगतात, इतिहासाचे अभ्यासक तिला फारसं मानत नाहीत. अंगठ्याचं मात्र खरं. क्लिप दाबून अंगठा वेळेवर काढला नाही तर बोल्ट सुसाट पुढे येऊन तो चेचतो. ‘गॅरंड थंब’ हे त्या दुखण्याचं रूढ नाव. ज्याच्या वडिलांनी किंवा आजोबांनी युरोपात, कोरियात ही रायफल वाहिली, त्याला ती हातात घेताना काय वाटत असेल ते आपल्या खंडेनवमीला घरातली जुनी तलवार पुजणाऱ्यांना निराळं सांगायला नको.

विंचेस्टर १८९४ ही हरणाच्या शिकारीची बंदूक. रचना पुन्हा ब्राउनिंगचीच. चापाभोवतीचा लोखंडी लिव्हर खाली ओढून वर घ्यायचा, की नवं काडतूस तयार. चपटी, हलकी, घोड्याच्या खोगिराला अडकवता येणारी. पुढे पिकअप ट्रकच्या मागच्या काचेशी टांगलेली. सत्तर लाखांहून जास्त बनल्या. शिकारीचं वेड किती, तर पेनसिल्वेनियात नोव्हेंबरअखेरच्या त्या सोमवारी, हरणांचा मोसम सुरू व्हायचा म्हणून, कित्येक शाळांना सुट्टी असायची. विंचेस्टर घेणारा जाणकार आधी नंबर पाहतो. १९६४मध्ये कंपनीने खर्च कमी करायला घडवलेल्या भागांऐवजी स्वस्तातले भाग घातले. तेव्हापासून ‘चौसष्टच्या आधीची’ हे दोन शब्द किंमत वाढवायला पुरतात. साठ वर्षं झाली तरी हा राग गेलेला नाही.

ग्लॉकवर कुणी कविता करत नाही. ऑस्ट्रियाच्या गॅस्टन ग्लॉकने १९८२मध्ये प्लास्टिकच्या सांगाड्याचं पिस्तूल आणलं. त्याआधी त्याच्या कारखान्यात पडद्यांचे रॉड आणि लष्करी सुऱ्या बनत. पिस्तूल दिसायला खोक्यासारखं, पण मातीत लोळवा, पाण्यात टाका, चालतं. आणि मॅगझिनमध्ये १७ गोळ्या. १९११चे भक्त नाकं मुरडतात आणि रात्री उशाच्या खणात ग्लॉक ठेवतात.

एआर-१५शी आलो की शौकाची चव बदलते. युजीन स्टोनरची ही रचना. ‘एआर’ म्हणजे आर्मालाइट या कंपनीचं नाव, ‘असॉल्ट रायफल’ नव्हे, हे शौकीन पहिल्या वाक्यातच ऐकवतात. अॅल्युमिनियम आणि प्लास्टिक, म्हणून हलकी. खांद्याला झटका कमी, म्हणून नवख्यालाही जमते. दोन पिना ढकलल्या की रायफल वर आणि खाली अशी दुभंगते. कायद्याने ‘बंदूक’ आहे तो फक्त खालचा, नंबर कोरलेला भाग. नळी, दस्ता, दुर्बीण हे सगळं चप्पल मागवावी तसं घरपोच मागवता येतं. मूळ पेटंट १९७७मध्ये संपलं आणि नंतर शेकडो कंपन्या ती करू लागल्या. जुळवाजुळव करणाऱ्याला याहून मजेची वस्तू नाही, हे मी मान्य करतो. पण न्यूटाउन, पार्कलंड, युवाल्डी इथल्या शाळांतल्या हत्याकांडांत हीच जातकुळी वापरली गेली. जुने शिकारी तिला आपली मानत नाहीत, आणि त्याचं कारण नुसतं प्लास्टिक नाही.

बंदूक मुख्यतः कशासाठी ठेवता, असं १९९९मध्ये विचारलं तेव्हा शेकडा ४९ अमेरिकी मालक शिकार म्हणाले आणि २६ संरक्षण. २०१३मध्ये तेच विचारलं तर ३२ शिकार आणि ४८ संरक्षण. विंचेस्टरचा लाकडी दस्ता जाऊन एआरचं काळं प्लास्टिक आलं ते या बदलाबरोबर. आणि ज्या धोक्यापासून संरक्षण हवं आहे, तो बरेचदा घरातच असतो. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. चापाच्या हलकेपणावर तासभर बोलणारे शौकीन या आकड्यावर लवकर गप्प होतात. हे मला त्यांचं सर्वांत मोठं वैगुण्य वाटतं.

सगळं कपाट विकून एकच ठेवायची झाली तर कोणती, हा त्यांचा आवडता खेळ. उत्तर बहुतेकदा कुणाच्या अपेक्षेत नसतं: .२२. रुगर कंपनीची १०/२२ ही १९६४ची साधी रायफल, दहा काडतुसांचं गोल फिरणारं मॅगझिन, ससा-खारीच्या कामाची. झटका जवळजवळ नाही, आवाज कमी, काडतूस स्वस्त. त्यामुळे दुपारभर नेम धरता येतो, आणि नेम सुधारतो. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७पासून चालत आलंय. २०२४च्या ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं ते याच काडतुसावर, आणि २०१०मध्ये म्युनिकला कोल्हापूरची तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली तीही याच काडतुसावर.

आपल्याकडे २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, आणि परवाना सहज मिळत नाही. ते बरंच आहे. ज्यांना यंत्राची आणि नेमाचीच ओढ आहे त्यांनी जवळच्या रायफल क्लबचा पत्ता काढावा. १० मीटरच्या एअर रायफलपासून सुरुवात होते. पहिले काही दिवस छर्रा न भरता नुसता श्वास रोखून चाप दाबायला लावतील. कंटाळू नका.