जीवाणू वर गेले की खाली आले?

कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर (निधन २०२५) यांनी जीवसृष्टीच्या उगमाचा शोध थेट आकाशात घेतला. जीवनाची बीजे अंतराळातून पृथ्वीवर आली, हे त्यांचे गुरू फ्रेड हॉईल व चंद्रा विक्रमसिंघे यांचे मत. ते तपासण्यासाठी नारळीकरांच्या पुढाकाराने २००१ व २००५ मध्ये हैदराबादहून इस्रोच्या साहाय्याने फुगे सोडण्यात आले. निर्जंतुक पोलादी नळकांडी द्रवरूप निऑनने इतकी थंड ठेवली होती, की ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची विरळ हवा आपोआप आत ओढली जाई.

२००५ च्या नमुन्यांतून जीवाणूंच्या १२ व बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. त्यांतील तीन जीवाणू नवे असल्याचे इस्रोने २००९ मध्ये जाहीर केले. एकाला हॉईल यांचे नाव मिळाले. अतिनील किरणांना ते पृथ्वीवरील आप्तांपेक्षा चिवटपणे तोंड देतात. उरलेले नऊ मात्र येथील ज्ञात प्रजातींशी ९८ टक्क्यांहून अधिक जुळले. मग ते खालूनच वर गेले नसतील कशावरून? एवढ्या उंचीवर जमिनीवरची धूळ सहसा पोहोचत नाही, हे खरे. तरी ते परग्रहावरचेच, असा दावा इस्रोनेही केला नाही. आणि बीजे बाहेरून आली असे मानले, तरी तेथे ती कशी उपजली, हा प्रश्न उरतोच.